लघुप्रबंधाला कोणतं मॉडेल घ्यावं: न्यूरल नेटवर्क की नियमांचं?

घरी अहिराणी आणि शाळेत मराठी बोलणारी खान्देशातली मुलं भाषा कशी शिकतात, हा विषय एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी पक्का केला असेल, तर पुढचा प्रश्न मॉडेलचा, म्हणजे मुलांचं हे शिकणं संगणकावर कशाने उभं करून पाहायचं याचा: हाताने लिहिलेल्या नियमांनी, की उदाहरणं पाहून आपल्या जोडण्या बदलत शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कने.

लहान मूल 'केलं' म्हणता म्हणता मध्येच 'करलं' म्हणू लागतं. नियमवाले म्हणतात, त्याला नियम सापडला आणि त्याने तो नको तिथेही लावला. नेटवर्कवाल्यांना नियमाची गरजच वाटत नाही. रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड यांच्या १९८६ च्या नेटवर्कने इंग्रजी भूतकाळ शिकताना, आत एकही नियम लिहिलेला नसताना, मुलांसारख्याच चुका केल्या. पिंकर आणि प्रिन्स यांनी १९८८ मध्ये त्यातली मेख दाखवली: आधी १० क्रियापदं शिकवून मग एकदम ४१० ओतली होती, चुका त्यातून आल्या. मुलांचा शब्दसंग्रह असा एका रात्रीत फुगत नाही.

म्हणून नुसत्या साम्यावर भाळू नका. २०२५ मध्ये आलेलं 'सेंटॉर' हे मॉडेल मानसशास्त्राच्या १६० प्रयोगांतल्या ६० हजारांवर माणसांच्या उत्तरांवर घडवलं आहे आणि नव्या माणसाची निवड ते बऱ्यापैकी ओळखतं. पण रावेरचा मुरलेला व्यापारीही नुसत्या नजरेने केळीच्या घडाचं वजन सांगतो; घड कशाने भरला, हा प्रश्न वेगळाच.

तरी माझा कल छोट्या नेटवर्ककडे आहे, आणि तोही ते जिथे फसतं त्यामुळे. एक गोष्ट शिकवून मग दुसरी शिकवली की साधं नेटवर्क पहिली पार विसरतं. मॅक्लोस्की आणि कोहेन यांनी हे १९८९ मध्येच दाखवलं. आपलं पोर शाळेत गेलं म्हणून आजीशी अहिराणी बोलायचं विसरत नाही. या फरकातूनच १९९५ मध्ये एक कल्पना पुढे आली: मेंदूतला हिप्पोकॅम्पस नवं पटकन टिपतो, कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) ते जुन्यात मिसळत सावकाश मुरवतो. मला याला स्पष्टीकरण म्हणावंसं वाटतं.

नियमांच्या बाजूला मानसशास्त्रज्ञ जॉन अँडरसन यांचं अॅक्ट-आर हे माणसाच्या विचारांचं संगणकीय मॉडेल आहे. गणित सोडवण्यासारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या कामाला ते सरस. प्रत्येक पायरीला किती वेळ लागला तेही सांगतं. पण सुरुवातीचे नियम बहुधा संशोधकच लिहून देतो. मूल ते कुठून आणतं, हाच तर तुमचा प्रश्न. शिवाय ते मुळात लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहे, ती शिकण्यात सत्र निघून जाईल.

तेव्हा दोन छोटी नेटवर्क्स घ्या. एकाला आधी अहिराणी, मग मराठी. दुसऱ्याला दोन्ही मिसळून. त्यांच्या चुका मुलांच्या चुकांशेजारी मांडा. मुलांचं रेकॉर्डिंग मात्र आईवडिलांच्या लेखी परवानगीनेच.