नौपाड्यातल्या बाईंचा गणिताचा वर्ग: शाब्दिक उदाहरणांवर अडणाऱ्या मुलांसाठी

माझी लेक तिसरीत आहे. उभ्या मांडणीतली बेरीज-वजाबाकी पटापट करते, हातचा विसरत नाही. पण तेच गणित चार ओळींच्या गोष्टीत आलं की विचारायची, "आई, अधिक करू की वजा?" आधीच्या शिकवणीत भिंतीवर तक्ताच होता: 'एकूण' दिसलं की मिळवा, 'उरले' दिसलं की वजा करा, 'जास्त' दिसलं की मिळवा. तिने तो पाठ केला आणि मार्क आणखी घसरले. म्हणून ठाण्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीतल्या या वर्गात जूनपासून पाठवतेय.

बाई निवृत्त शिक्षिका आहेत. सात-आठ मुलं सतरंजीवर बसतात आणि सुरुवातीला पेन्सिल हातात घ्यायचीच नसते. पहिल्या दिवशी पालकांना मागे बसू देतात, तेव्हा फळ्यावर हे उदाहरण होतं: सायलीकडे १२ गोट्या आहेत. त्या ओमच्या गोट्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. ओमकडे किती?

लेकीने लगेच १७ सांगितले. बाई 'चूक' म्हणाल्या नाहीत. दोन्ही आकडे तळव्यांनी झाकले आणि म्हणाल्या, "आता आकडे नाहीत. नुसती गोष्ट सांग. जास्त कोणाकडे?"

"सायलीकडे."

"मग ओमच्या सायलीपेक्षा जास्त होतील का गं?"

लेक गप्प झाली. मग बाईंनी दोन पट्ट्या काढायला लावल्या, सायलीची लांब, ओमची आखूड. लांब पट्टीचा जास्तीचा तुकडा रंगवून त्यावर ५ लिहायला सांगितलं. ७ तिचे तिनेच काढले. अशा पट्ट्यांची पद्धत सिंगापूरच्या प्राथमिक शाळांमध्ये १९८० च्या दशकात रुजली. आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे, हा तिथला क्रम इथेही पाळतात. चिंचोके आणि गोट्यांचे डबे कोपऱ्यात असतातच.

भागाकारात मला सगळ्यात आवडलेला प्रश्न रिक्षांचा. १४ मुलं, एका रिक्षेत तिघं, तर रिक्षा किती? बहुतेकांनी '४, बाकी २' लिहिलं. बाईंनी विचारलं, "ते दोघं स्टेशनवरच थांबणार का?" सगळ्यांनी ५ केलं. उत्तर गोष्टीत परत ठेवून बघायची ही सवय मला फार मोलाची वाटते.

मध्येच बाई उत्तर नसलेला प्रश्नही घालतात. १९७९ च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या संशोधकांनी मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी आकडे वापरून वय काढून दिलं. वर्गात हाच प्रश्न टीएमटीची बस आणि कंडक्टर घालून येतो. परवा लेक ठामपणे म्हणाली, "बाई, हे यातून कळणारच नाही." मला इतका आनंद झाला!

शुक्रवारचा गृहपाठ उलटा असतो. '१५ − ६' एवढंच देतात, गोष्ट मुलांनी रचायची. आमच्याकडे तलावपाळीच्या १५ बोटींपैकी ६ पाण्यात गेल्या आणि काठाला किती उरल्या, ते विचारलं गेलं. सेमी इंग्रजीची मुलं उदाहरण इंग्रजीत वाचतात, पण गोष्ट मराठीत सांगतात. निम्म्या वेळा अडचण गणिताची नसून वाक्य न समजल्याची असते, ते इथे लगेच लक्षात येतं.

उणिवा आहेत. एका तासात तीन-चारच उदाहरणं होतात, त्यामुळे शिष्यवृत्तीसाठी वेगाचा सराव हवा असेल तर ही जागा नाही. खोली लहान आहे, पावसाळ्यात कोंदट होते. वर्ग चालू असताना बाई फोन उचलत नाहीत, संध्याकाळी सातनंतर करावा. फी आजूबाजूच्या क्लासेसपेक्षा कमीच आहे.

तक्त्याची सवय लागलेल्या मुलांना पहिला महिना जड जातो, कारण विचारल्यावर लगेच 'मिळव' किंवा 'वजा कर' कोणी सांगत नाही. तेवढा महिना धीर धरा आणि घरीही सांगू नका. दुसरी ते चौथीच्या मुलांनाच घेतात, दिवाळीनंतरच्या तुकडीसाठी नावनोंदणी सुरू आहे.