गॉल्जी-कॉक्स की निस्ल? मेंदूच्या स्लाइडसाठी स्टेन ठरवताना

एम.एस्सी.च्या डेझर्टेशनला किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला मेंदू घेतला, की गाईडच्या केबिनमध्ये पहिला प्रश्न हाच निघतो: स्टेन, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून द्यायचा रंग, कोणता करणार? ज्यांना ठरावीक प्रथिनं दाखवणाऱ्या महागड्या अँटिबॉडी परवडतात त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. बाकीच्यांपुढे बहुतेकदा दोनच रस्ते उरतात, निस्ल आणि गॉल्जी-कॉक्स. मी दोन्ही केले आहेत आणि विद्यार्थ्यांकडून करूनही घेतले आहेत. वृक्षिका (चेतापेशीच्या फांद्या), अक्षतंतू (संदेश बाहेर नेणारा लांब धागा), पेशीकाय (पेशीचं धड) यापुढची ओळखपरेड इथे करत नाही, ती तुम्हाला पाठ असणार.

आधी गॉल्जी, कारण मन तिकडेच ओढ घेतं. जमलेली गॉल्जीची स्लाइड पाहिली की माणूस डबा खायचं विसरतो. पिवळसर पार्श्वभूमीवर एखादीच काळीकुळकुळीत पेशी, सगळ्या फांद्यांसकट, आणि फांद्यांवर बारीक काटे. कोंबडीचा लहान मेंदू घ्या, चिकनच्या दुकानात डोकी टाकूनच देतात, आणि सेक्शन, म्हणजे पातळ काप, सॅजिटल (डावा-उजवा भाग वेगळा करणाऱ्या प्रतलात) कापा. लहान मेंदूतल्या मोठ्या पुर्किन्ये पेशीचा पसारा एकाच प्रतलात चपटा असतो. आडवा छेद घेतलात तर तीच पेशी कडेवरून दिसते आणि विद्यार्थी विचारतो, सर, पुस्तकातलं झाड कुठे गेलं?

पण ती पेशी ‘एखादीच’ असते, हे विसरून चालत नाही. शंभरातल्या दोन-चार पेशीच रंगतात, आणि त्याच का रंगतात याचं समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही. गर्दीतून एक पेशी सुटी दिसते ती याच कृपेने, नाहीतर सगळा सेक्शन काळा झाला असता. मात्र रिकामी जागा दिसली तर तिथे पेशी नव्हती की होती पण रंगली नाही, हे ही स्लाइड कधीच सांगत नाही. इटलीच्या गॉल्जीने याची मूळ, चांदीची पद्धत १८७३ साली काढली. स्पेनच्या काहालने तीच वापरून १८८८ मध्ये पक्ष्यांच्या लहान मेंदूवर काम प्रसिद्ध केलं आणि चेतापेशी सुट्या-सुट्या असतात असं मांडलं. गॉल्जीला मात्र अखेरपर्यंत अखंड जाळंच दिसत राहिलं. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, आणि गॉल्जीने नोबेलच्या भाषणातही काहालच्या बाजूच्या सिद्धान्ताला विरोधच केला. एकच स्टेन, दोन दिग्गज, उलटे निष्कर्ष. तुमचं डेझर्टेशन तपासणाऱ्या बाह्य परीक्षकाला एवढं निमित्त पुरतं.

निस्लमध्ये असलं नाट्य नाही. क्रेसिल व्हायोलेट प्रत्येक पेशीच्या आरएनएला आणि केंद्रकाला धरतो, त्यामुळे सगळ्या पेशी दिसतात. पण फक्त धड दिसतं, हातपाय नाहीत. फांद्या बुंध्यापाशीच विरतात, अक्षतंतू तर अजिबात नाही, कारण निस्लचे कण, म्हणजे पेशीकायातले आरएनएचे पुंजके, त्यात शिरतच नाहीत. ज्या टेकाडावरून अक्षतंतू निघतो तो भागही फिकाच राहतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे फारच मिळमिळीत वाटतं.

बसून बघायला लागलं की मत बदलतं. बकरीच्या मज्जारज्जूचा सेक्शन लावा आणि पुढच्या शिंगातली एक मोठी मोटर पेशी चाळीसच्या लेन्सखाली आणा. फिकट केंद्रक, त्यात ठसठशीत एकच केंद्रिका, भोवती जांभळ्या कणांचे ढिगारे. अक्षतंतू तुटलेल्या पेशीत हेच ढिगारे विरघळल्यासारखे होतात आणि केंद्रक कडेला सरकतं. इजा त्या अक्षतंतूला, पुरावा इकडे पेशीकायात. शेजारची ग्लियाची (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींची) केंद्रकंही सरावाने ओळखू येतात: ॲस्ट्रोसाइटचं मोठं नि फिकट, ऑलिगोडेंड्रोसाइटचं लहान, गोल, गडद, मायक्रोग्लियाचं लांबुळकं, कधी वाकलेलं. शंभर टक्के खात्री नाही देता येत, पण अंदाज चांगला येतो. आणि मुख्य म्हणजे मोजता येतं. पेशी कमी झाल्या का, थर पातळ झाला का, असा प्रश्न असेल तर गॉल्जी मुकाच आहे. जर्मन शास्त्रज्ञ ब्रोडमनने १९०९ मध्ये मेंदूच्या सालीचे भाग पाडले ते निस्लसारख्याच रंगाच्या स्लाइडवर, पेशींची दाटी आणि थर बघून.

निस्लचा त्रास रंग उतरवण्याच्या पायरीत आहे. ९५ टक्के अल्कोहोलमध्ये स्लाइड किती वेळ ठेवायची हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं, त्याच्याकडे फार लक्ष देऊ नका. डाईची बॅच बदलली, सेक्शनची जाडी बदलली, की वेळ बदलते. मी स्लाइड बाहेर काढून दहाच्या लेन्सखाली बघतो, पार्श्वभूमी पांढरी पडली आणि कण अजून जांभळे असले की थेट ॲब्सोल्यूट (बिनपाण्याच्या) अल्कोहोलमध्ये. जास्त उतरला तर पुन्हा डाईत. इथे निस्ल माफ करतो. एक मात्र लक्षात ठेवा: खाटकाकडचा भेजा कवटी फोडताना चेपलेला असतो, आणि चेपलेल्या ताज्या मेंदूत आक्रसलेल्या, गडद पेशी हमखास दिसतात. त्याला रोग समजून निष्कर्ष काढू नका. क्रेसिल व्हायोलेट नसला तर टोल्युडिन ब्लू चालतो, तो बहुतेक कॉलेजात सापडतो.

गॉल्जी-कॉक्समध्ये असा मधला थांबा नाही. फिक्स न केलेला, म्हणजे ताजाच मेंदू द्रावणात बुडवायचा, दुसऱ्या दिवशी द्रावण बदलायचं, मग दोनेक आठवडे अंधारात. नंतर साखरेच्या पाण्यात, मग शंभर ते दोनशे मायक्रॉनचे सेक्शन. मेणातले पातळ सेक्शन कापणारा रोटरी मायक्रोटोम यासाठी कामाचा नाही, थरथरत्या पात्याचा व्हायब्रेटोम लागतो आणि तो बहुधा दुसऱ्या विभागात असतो. अमोनियात घातल्यावर पेशी काळ्या पडल्या तर पडल्या. नाही पडल्या तर का नाही पडल्या हे कळायला तेवढेच आठवडे परत. शिवाय काटे मोजायला शंभरची ऑइल लेन्स लावली, की तिच्या आणि कव्हरस्लिपच्या मध्ये मिलिमीटरच्या पंचमांशाहूनही कमी जागा उरते. दीडशे मायक्रॉनच्या सेक्शनमध्ये तळाची फांदी फोकसला येण्याआधी लेन्स काचेला टेकते. तरी हे सगळं मी सहन केलं असतं.

सहन झाली नाही ती बाटली. चांदीऐवजी पारा वापरायची कल्पना खुद्द गॉल्जीचीच, ती सुधारून आजचं द्रावण दिलं कॉक्सने, १८९१ मध्ये. द्रावणात पोटॅशियम डायक्रोमेट, पोटॅशियम क्रोमेट आणि मर्क्युरिक क्लोराइड. तिन्ही पाण्यात विरघळवून मिसळलं की तांबूस साका धरतो, त्याला धक्का न लावता निवळ द्रावण काढून घ्यायचं. धातूचा चिमटा चालत नाही, प्लॅस्टिकचाच. इथवर ठीक. पण पहिल्या दिवसाचं द्रावण टाकाऊ, दुसऱ्यांदा घातलेलं टाकाऊ, तळचा साका टाकाऊ, मेंदू धुतलेलं पाणी टाकाऊ, ग्लोव्हज आणि टिपकागद टाकाऊ. यातला थेंबही सिंकमध्ये जाता कामा नये. पारा आणि क्रोमियम दोन्ही एकाच बाटलीत, आणि ती बाटली नेणारं कोणी नाही. पिवळ्या पिशवीवाले येतात ते जैविक कचऱ्यासाठी. घातक रसायनं नेणाऱ्या अधिकृत कंपनीला ड्रम भरून माल हवा असतो, तुमच्या अडीच लिटरसाठी गाडी कोण पाठवणार? मग बाटल्या फ्यूम हूडच्या (विषारी वाफा ओढणाऱ्या कपाटाच्या) मागच्या कोपऱ्यात जातात. एका विभागात मी पाहिलंय, लेबलची शाई उडालेली, करणारा विद्यार्थी केव्हाच नोकरीला लागलेला, आणि तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशी शिपायाला सांगितलं जातं, तेवढं जरा आत सरकव. त्या शिपायाला बाटलीत काय आहे ते कोणी सांगितलेलं नसतं. मला तिथेच पुरे झालं. त्यानंतर विद्यार्थ्याने गॉल्जीचं नाव काढलं की मी आधी त्याचा प्रश्न नीट ऐकून घेतो, आणि बऱ्याचदा तो निस्लने सुटणारा निघतो.

कोणी म्हणेल, मग पारा नसलेली रॅपिड गॉल्जी करा. करता येते. पण तिच्यात ऑस्मियम टेट्रॉक्साइड आहे, महाग आणि डोळ्यांचा शत्रू, डायक्रोमेट आहेच, आणि सेक्शनच्या पृष्ठभागावर चांदीची खपली जमते ती वेगळी. बाजारात मिळणाऱ्या तयार किटमध्येही पारा असू शकतो, घेण्याआधी डेटाशीट वाचा.

निस्ल सगळ्यांना पुरेल असं मात्र म्हणवत नाही. ताण दिलेल्या उंदरांत वृक्षिकांच्या फांद्या आखडल्या का, काट्यांची दाटी घटली का, असा प्रश्न असेल तर निस्ल तुम्हाला काहीही सांगणार नाही. तिथे गॉल्जीच, आणि मग शोलची वर्तुळं, म्हणजे पेशीकायाभोवती एकात एक वर्तुळं, टाकून त्यांना छेदणाऱ्या फांद्या मोजायच्या. ते काम खरोखर सुंदर होतं, ज्या प्रयोगशाळेत व्हायब्रेटोम आणि कचऱ्याची व्यवस्था दोन्ही आहेत तिथे मी स्वतःही गॉल्जीच सुचवीन. पण विषय ‘अमुक औषधाचा मेंदूवर परिणाम’ असा ढोबळ असेल, आणि बहुतेक डेझर्टेशनचे असतातच, तर सुरुवात निस्लने करा. पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले मेंदूचे तुकडे) राहतात, उरलेले सेक्शन राहतात, सहा महिन्यांनी दुसरा प्रश्न सुचला तर त्याच ब्लॉकमधून दुसरा स्टेन करता येतो. गॉल्जीत अख्खा मेंदू त्या एका पैजेवर लागतो.

तरीही गॉल्जीच ठरली, तर मर्क्युरिक क्लोराइडची ऑर्डर देण्याआधी विभागप्रमुखांकडून एक गोष्ट लेखी घ्या: टाकाऊ द्रावण कोण नेणार, कधी नेणार, आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यातून जाणार. उत्तर यायला वेळ लागला तर तेवढ्या वेळात निस्लचे ब्लॉक तयार करून ठेवा.