आहे तसंच ठेवायचं, सगळीकडे थोडं वाढवायचं की मोजक्या जागी उंच चढवायचं?

नगर परिषदेने झोनिंग (कुठल्या जमिनीवर काय आणि किती बांधता येतं याचे नियम) बदलण्याचा मसुदा काढला की सुनावणीत दोन तट पडतात. एक म्हणतो, "आणखी गर्दी नको." दुसरा म्हणतो, "मुलांनी राहायचं कुठे?" दोघंही तळमळीने बोलतात आणि बऱ्याचदा दोघंही मसुद्यात नसलेल्या गोष्टीवर बोलतात. मधल्या रांगेत बसलेला, अजून मत न ठरलेला माणूस आला होता त्याहून जास्त गोंधळून घरी जातो. हा आढावा त्याच्यासाठी आहे.

"दाटी हवी की नको" असा प्रश्न मसुद्यात नसतोच. त्यात साधारण तीनपैकी एक वाट असते: आहेत ते नियम कायम ठेवणं, सगळ्या वस्त्यांत थोडी थोडी वाढ मोकळी करणं, किंवा स्टेशन आणि मुख्य रस्त्यांजवळ उंच इमारतींना परवानगी देऊन बाकी भाग तसाच ठेवणं. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे, तो आधीच सांगून टाकतो. मात्र ती वाट कागदावर मंजूर होऊनही जमिनीवर बंदच राहू शकते. ते कसं, ते पुढे आकड्यांत दाखवतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण), इमारतीची उंची आणि लोकसंख्येची घनता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅरिसमध्ये बहुतेक इमारती सहा-सात मजल्यांच्याच आहेत, तरी तिथे एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे २० हजार लोक राहतात. उलट, चहूबाजूंनी मोकळी मैदानं आणि वाहनतळ सोडून उभारलेल्या वीस मजली टॉवरांच्या वसाहतीत घनता त्याहून कमी भरू शकते. मुंबईचा अनुभव तिसऱ्याच टोकाचा. १९९१ च्या नियमावलीने शहर भागात १.३३ आणि उपनगरांत १ असा एफएसआय ठेवला, जगातल्या मोठ्या शहरांच्या मानाने अगदी तोकडा. माणसं काही यायची थांबली नाहीत. माणशी जागा तेवढी आक्रसली. म्हणजे एफएसआय बांधकाम मोजतो, डोकी मोजत नाही. सुनावणीत कुणी "एफएसआय दुप्पट म्हणजे लोकसंख्या दुप्पट" असं म्हणालं, तर ते गणित तपासल्याशिवाय धरू नका.

पहिली वाट: आहे तसंच

या वाटेची बाजू नीट मांडली जात नाही, कारण तिचे समर्थक रागावलेले असतात आणि विरोधक त्यांना स्वार्थी ठरवून मोकळे होतात. नियम स्थिर असण्याला मोल आहे. आयुष्यभराची कमाई घालून घर घेणाऱ्याने शेजारी काय उभं राहू शकतं हे पाहूनच ते घेतलेलं असतं. झोनिंगचा जन्मही अशाच रास्त तक्रारीतून झाला. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली इक्विटेबल बिल्डिंग नावाची ३८ मजली इमारत रस्त्याच्या कडेपासून सरळसोट वर गेली आणि आजूबाजूचे रस्ते सावलीत बुडाले. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, त्या शहराने उंची आणि वापर यांचे नियम आणले.

पण सावलीपासून संरक्षण मागता मागता शेजाऱ्यापासूनही संरक्षण मागितलं जाऊ लागलं. १९२६ च्या युक्लिड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग वैध ठरवलं, आणि त्या निकालात बंगल्यांच्या वस्तीतल्या भाड्याच्या इमारतीला चक्क "परजीवी" म्हटलं आहे. पुढे कितीतरी शहरांनी बहुतांश निवासी जमीन "एका भूखंडावर एक कुटुंब" या नियमाखाली बांधून टाकली.

"आहे तसंच" म्हणजे वस्ती आहे तशीच राहते, अशी समजूत असते. तशी ती राहत नाही. नियम तेच राहिले आणि जमीन महागली की जुनं दोन खोल्यांचं घर पाडून त्याच भूखंडावर तिप्पट मोठा बंगला उभा राहतो. कुटुंब एकच, कौलं गेली, अंगणातलं झाड गेलं आणि किंमत अशी की पूर्वीच्या मालकासारखा माणूस तिथे येऊच शकत नाही. वस्तीचं रूप बदलायचं ते बदलतंच, फक्त घरं वाढत नाहीत. ज्यांना इथे जागा मिळत नाही ते गावाच्या कडेला शेतजमिनीवर राहायला जातात आणि रोज गाडी काढून याच रस्त्यांवरून कामाला येतात.

तिसरी वाट: मोजक्या जागी उंच

क्रम मोडून ही आधी घेतो, कारण परिषदांना हीच सगळ्यात आवडते. बहुतेक मतदारांच्या दारात काही बदलत नाही आणि घरांचा आकडा मात्र मोठा दाखवता येतो.

ती चालते का? कधी चालते. अमेरिकेतल्या मिनीयापोलिस शहराचं नाव या चर्चेत नेहमी येतं. तिथल्या परिषदेने २०१८ मध्ये प्रत्येक निवासी भूखंडावर तीन घरांपर्यंत परवानगी मंजूर केली आणि ती बातमी जगभर गेली. प्रत्यक्षात तशी तीन घरांची बांधकामं थोडीच झाली. घरं वाढली ती मुख्यतः मोठ्या रस्त्यांलगतच्या इमारतींत, आणि पार्किंगची सक्ती आधी सैल करून २०२१ मध्ये पुरती काढल्यामुळे. २०१७ ते २०२२ या काळात त्या शहरात घरं सुमारे १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडी अवघी १ टक्का चढली. उरलेल्या मिनेसोटा राज्यात याच काळात भाडी १४ टक्क्यांनी वाढली.

कधी चालत नाही. शिकागोने २०१३ आणि २०१५ मध्ये स्टेशनांजवळ जास्त बांधकामाची मुभा दिली. पुढच्या पाच वर्षांत तिथे जास्तीची घरं उभी राहिल्याचं अभ्यासात दिसलं नाही, जमिनीचे भाव मात्र चढले. कारण सरळ आहे. परवानगी मोजक्याच भूखंडांना मिळाली, की ते भूखंड दुर्मिळ होतात आणि वाढीव एफएसआयची किंमत मालक आधीच वसूल करतो. भाव चढेपर्यंत जमीन धरून ठेवणंही त्याला परवडतं. शिवाय उंच इमारतीला लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा आणि महागडा सांगाडा लागतो, त्यामुळे दर चौरस फुटाचा खर्चच वाढतो.

सावलीची तक्रार इथे खरी असते. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना १२ मीटर उंचीच्या इमारतीची सावली सुमारे २१ मीटर पडते, ४५ मीटर उंचीच्या टॉवरची ७८ मीटर. चार मजल्यांना विरोध करणारे बहुधा या दुसऱ्या सावलीचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून बोलत असतात.

दुसरी वाट: सगळीकडे थोडं थोडं

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराने २०१६ मध्ये आपल्या निवासी जमिनीपैकी सुमारे तीन चतुर्थांश भागावर जास्त घरांची मुभा एकाच फटक्यात दिली. पुढच्या पाच-सहा वर्षांत घरांच्या बांधकाम परवानग्यांची वार्षिक संख्या साधारण दुप्पट झाली, आणि वाढीचा मोठा भाग टॉवरांत नव्हता. तो होता भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन-तीन मजली घरांचा. भाडी नेमकी किती आटोक्यात राहिली यावर अर्थतज्ज्ञांमध्ये वाद आहे, बांधकाम वाढलं याला मात्र भरभक्कम आधार आहे. मुभा जवळजवळ सगळ्यांनाच असल्यामुळे कुठल्याही एका मालकाला अडून बसता येत नाही. एक नाही म्हणाला तर बिल्डर पुढच्या गल्लीत जातो.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनची कहाणी मला जास्त आवडते, कारण तिच्यात विरोधकांनाही जागा होती. १९९८ मध्ये त्या शहराने मध्यभागातल्या भूखंडाचं किमान क्षेत्रफळ ५,००० वरून १,४०० चौरस फुटांवर आणलं. मोठ्या प्लॉटचे तुकडे पडून तीन-तीन घरं उभी राहू लागली. त्याच वेळी ज्या गल्लीतल्या मालकांना हे नको होतं त्यांना अर्ज करून आपल्या गल्लीपुरती जुनी मर्यादा ठेवण्याची सोय होती. ज्यांचा विरोध मनापासून होता ते बाजूला झाले आणि उरलेल्या शहराचा रस्ता मोकळा झाला. २०१३ मध्ये ही सवलत संपूर्ण शहराला लागू झाली.

या वाटेचा दोष असा की ती संथ आहे. घरं एका झटक्यात येत नाहीत, एखाद-दुसरा भूखंड करत येतात. आणि सगळ्यात कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला परवडेल असं घर तिच्यातून आपोआप मिळत नाही. त्यासाठी सरकारी पैसा लागतो. तो कुठल्याही वाटेत लागतोच.

कागदावरची मुभा

आता सुरुवातीला म्हटलं ते दाखवतो. २० बाय ३० मीटरचा, म्हणजे ६०० चौरस मीटरचा एक भूखंड घ्या. पुढे-मागे ६-६ मीटर आणि दोन्ही बाजूंना ३-३ मीटर सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा) सोडायचं, मजले दोनच. बांधकामाला जमिनीवर उरले १८ बाय १४, म्हणजे २५२ चौरस मीटर. दोन मजले धरून ५०४. आता परिषदेने मोठ्या घोषणेसह एफएसआय १ वरून २ केला. कागदावर १,२०० चौरस मीटर झाले. भूखंडावर? तेच ५०४. सामासिक अंतर आणि मजले तेच आहेत, त्यामुळे जुना १ चा एफएसआयसुद्धा तिथे पुरा होत नव्हता.

त्यावर चार घरं बसवायची ठरवली आणि नियमाने घरामागे दोन गाड्यांची जागा मागितली, तर आठ गाड्या झाल्या. एका गाडीला वळण्याच्या जागेसह सुमारे २५ चौरस मीटर लागतात, म्हणजे एकूण २००. मोकळ्या राहिलेल्या ३४८ चौरस मीटरपैकी निम्म्याहून जास्त जागा डांबराखाली. झाडं वाचवा म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा, कारण बऱ्याच ठिकाणी झाड घरामुळे जात नाही, पार्किंगमुळे जातं.

याच भूखंडावर पुढे ३ मीटर, मागे ६, बाजूंना दीड-दीड मीटर आणि तीन मजले असा नियम लावा. २१ बाय १७ म्हणजे ३५७, तिनाने गुणून १,०७१ चौरस मीटर. मागचं अंगण जसंच्या तसं. एफएसआय २ झाला असेल तर हे सगळं बांधता येतं, पण खरा बदल सामासिक अंतर आणि मजल्यांचा.

कोण बोलतं, कोण नाही

बॉस्टनच्या आसपासच्या गावांतल्या नियोजन सभांच्या इतिवृत्तांचा अभ्यास झाला आहे. बोलणारे लोक एकूण मतदारांच्या मानाने वयाने मोठे, बहुधा पुरुष, जुने रहिवासी आणि घरमालक निघाले, आणि बहुसंख्य विरोधात. त्यांचं म्हणणं चूक ठरतं असं नाही. पण जो भाडेकरू दोन वर्षांनी इथे येणार आहे तो आज माइकसमोर उभा राहू शकत नाही. टाळ्या मोजून मत ठरवणाऱ्याने ही रिकामी खुर्चीही मोजावी.

पाणी आणि ड्रेनेजची हरकत मी हलकी मानत नाही. एकाच गल्लीत घरं वाढली तर दर घरामागे नळाची लांबी कमी लागते, हे खरं. पण चाळीस वर्षांपूर्वी टाकलेल्या वाहिनीचा व्यास त्यामुळे वाढत नाही. "सोय आधी, मग घरं" हा आग्रह धरा, फक्त तो धरताना कुठली वाहिनी, किती क्षमता, बदलायला किती वर्षं, हे लेखी मागा. अभियंत्याचं उत्तर आलं तर हरकतीला वजन येतं. नाही आलं तर परिषदेचं पितळ उघडं पडतं.

तुमचं घर स्टेशनलगत असेल आणि मसुदा तिसऱ्या वाटेचा असेल, तर टॉवर रद्द करा म्हणण्यापेक्षा उंची पायरीपायरीने उतरती ठेवा आणि हीच मुभा चार गल्ल्या पलीकडेपर्यंत पसरवा, अशी सूचना द्या. भाडेकरू असाल तर दुसऱ्या वाटेच्या बाजूने बोला, आणि पाडकामाआधी राहत्या भाडेकरूचं काय होणार हे कलम आहे का ते पाहा. बऱ्याच मसुद्यांत ते नसतं. घरमालक असाल आणि बदल नकोच वाटत असेल, तर ह्यूस्टनसारखी गल्लीपुरती सूट मागणं हे सगळं शहर अडवण्यापेक्षा सोपं पडेल आणि शेजाऱ्यांशी संबंधही टिकतील.

मसुदा हातात आला की पहिलं पान सोडून द्या, तिथे नुसतं स्वप्नरंजन असतं. मागचा तक्ता काढा: सामासिक अंतर, मजले, भूखंडाचं किमान क्षेत्रफळ, घरामागे पार्किंग. आपल्या गल्लीतला एक ओळखीचा प्लॉट घेऊन वरचं गणित वहीत मांडा. अर्धा तास लागतो. मग सुनावणीत बोलायची तुमची तीन मिनिटं आली की तो कागद हातात घेऊन उभे राहा.