खेकड्याच्या हॅचरीतील टायटॅनियम हीटर: एका हंगामानंतरचा अनुभव

मागच्या आठवड्यात हीटरसोबतच्या कंट्रोलरमधील रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) चिकटून बसला, हीटर रात्रभर चालू राहिला आणि मेगालोपाची, म्हणजे खेकडा होण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेतील पिल्लांची, एक पूर्ण टाकी आम्ही गमावली. तरीही हीटर वाईट आहे, असे मी म्हणणार नाही.

सिंधुदुर्गात खाडीकाठी थंडीच्या दिवसांत पहाटे पारा वीस अंशांच्या आसपास येतो आणि चिंबोरीच्या पिल्लांना २८ ते ३० अंशांचे पाणी लागते. तेवढी ऊब सतत मिळाली, तर झोइयाच्या, म्हणजे मेगालोपाआधीच्या पिल्लाच्या, पाचही अवस्था साधारण अडीच आठवड्यांत पार पडतात. शिवाय सगळी पिल्ले जवळपास एकाच वेळी कात टाकतात, आणि माझ्या दृष्टीने हा लाभ सर्वांत मोठा आहे. कारण आधी मेगालोपा झालेली पिल्ले मागे राहिलेल्या झोइयांना खातात. स्टीलचा हीटर समुद्राच्या पाण्यात गंजतो आणि तांबे तर या पिल्लांना विषच, म्हणून टायटॅनियमसाठी मोजलेले जादा पैसे मला कधीच खटकले नाहीत.

खटकते ती सेन्सरची तार. ती इतकी आखूड आहे की सेन्सर हीटरच्या शेजारीच लोंबतो, तिथले पाणी तापले की यंत्र बंद होते आणि टाकीचा पलीकडचा कोपरा थंडच राहतो. सुरुवातीला मला ही किरकोळ उणीव वाटली होती. पण त्या कोपऱ्यातील पिल्ले कात टाकण्यात मागे पडू लागली, तेव्हा इतक्या महाग वस्तूत चार हात तार वाचवणे मला अक्षम्य वाटले. हीटरखाली एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड) वाढवून पाणी फिरते ठेवल्यावर फरक बराच कमी झाला, मात्र झोइया नाजूक असल्याने हवेचा जोर वाढवण्यालाही मर्यादा आहे.

रिलेबाबत सेवा केंद्राने 'खाऱ्या हवेमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही' असे उत्तर दिले. समुद्राच्या पाण्यासाठी म्हणून विकलेल्या यंत्राला हे कारण लावणे मला मान्य नाही आणि मी लेखी तक्रार केली आहे. तोपर्यंत लांब तारेचा वेगळा कंट्रोलर घेतला असून, पाणी ३२ अंशांवर गेले की वीज तोडणारा दुसरा थर्मोस्टॅट त्याच्या आधी जोडला आहे. हा हीटर घ्यायचा असेल, तर सोबतचा कंट्रोलर वगळून किंमत विचारा.