गॅस टर्बाइनचे सिरॅमिक भाग: सिलिकॉन नायट्राइड घ्यावं की कार्बाइड?

अंबड एमआयडीसीत एका मित्राचं मशिन शॉप आहे. मोटारगाडीत बसेल एवढ्या लहान गॅस टर्बाइनसाठी सिरॅमिक रोटर (पात्यांचं फिरणारं चाक) आणि नोझल (त्यावर तापलेला वायू सोडणारा स्थिर भाग) करून बघायचं त्याच्या मनात आहे. त्याने विचारलं, कुठल्या मटेरियलवर पैसा लावू?

रोटर असेल तर मी डोळे झाकून नायट्राइड म्हणेन. धातूचं पातं थंड ठेवायला त्यातून हवेची छिद्रं काढतात, पण एवढ्या लहान पात्यातून ती काढता येत नाहीत, म्हणून तर सिरॅमिककडे वळायचं. जपानने 1990 मध्ये 100 किलोवॅटच्या मोटार टर्बाइनचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूचं तापमान 1350 अंश सेल्सिअस धरलं होतं. वजनात दोन्ही सारखेच: घनता घन सेंटिमीटरला सुमारे 3.2 ग्रॅम, निकेलच्या मिश्रधातूची 8 च्या आसपास. फरक आहे तो तडा पुढे सरकू न देण्यात. नायट्राइडचे लांबट कण एकमेकांत अडकलेले असतात, तडा त्यांना वळसा घालत जातो. शिवाय ते तापल्यावर कमी प्रसरण पावतं, त्यामुळे इंजिन सुरू होतानाचा धक्का सोसतं. 1985 मध्ये निसानने टर्बोचार्जरचा रोटर नायट्राइडचाच बसवला.

कार्बाइडचा मान जागेवर बसणाऱ्या भागांत, विशेषतः कंबस्टरमध्ये, म्हणजे इंधन जळतं त्या कप्प्यात. 1300 अंशांच्या वरही त्याची ताकद टिकते आणि उष्णता ते झपाट्याने पसरवतं. पण ठिसूळपणा विसरू नका. मी एकदा कार्बाइडची रिंग डायमंड व्हीलवर घासली. दिसायला आरशासारखी होती, पण कडेला नखालाही न लागणारा ओरखडा राहिला होता. पोलादी घरात (हाउसिंगमध्ये) बसवताना तिथूनच ती उभी फाटली. खूप हळहळलो.

ज्वलनातली वाफ मात्र दोघांचीही वैरी आहे. पृष्ठभागावरचा सिलिकाचा (सिलिकॉनच्या ऑक्साइडचा) संरक्षक थर ती 1200 अंशांच्या पुढे उडवून नेते, म्हणून लेपाचा खर्च आधीच धरा.

साच्यात पावडर दाबून केलेला भाग भाजताना, मटेरियल दोन्हींपैकी कुठलंही असो, मापं साधारण 15 ते 20 टक्के आकसतात, साचा तेवढा मोठा लागतो. पहिल्या नोझलसाठी म्हणून मी त्याला तिसरी वाट सुचवली: सिलिकॉनची पावडर दाबून तुकडा करायचा, तो यंत्रावर कोरायचा आणि मग नायट्रोजनच्या भट्टीत भाजायचा. माप जवळपास तेच राहतं. हे नायट्राइड सच्छिद्र आणि दुबळं असतं, रोटरला चालणार नाही. पण नोझलचा आकार जमतोय का, हे महागड्या साच्याआधी कळतं.