इन सिटू, बल्क की सिंगल-सेल? प्रजातींमधली जनुक-अभिव्यक्ती ताडून पाहताना

उत्क्रांतीत एखादा अवयव कसा बदलला हे गर्भाच्या पातळीवर शोधायचं ठरवलंत आणि एखाद्या जनुकावर आधीच संशय असेल, तर इन सिटू हायब्रिडायझेशनपासूनच सुरुवात करा. जनुक नेमकं कुठल्या पेशींत चालू आहे, ते ऊतकाच्या पातळ कापावर डोळ्यांना दिसतं.

गॅलापागोसच्या फिंच पक्ष्यांवर २००४ साली जीवशास्त्रज्ञ अबझानोव, टॅबिन आणि ग्रँट दांपत्य यांनी हेच केलं. गर्भातल्या चोचींमध्ये वाढीची ओळखीची जनुकं तपासली. जाड, रुंद चोचीच्या मोठ्या भूफिंचमध्ये बीएमपी४ हे जनुक लवकर सुरू होतं आणि जास्त प्रमाणात दिसतं. कोंबडीच्या गर्भात ते मुद्दाम वाढवलं, तर तिचीही चोच जाड झाली. पण निवडुंगावर जगणाऱ्या फिंचची लांब चोच कशामुळे, हे त्यातून सुटलं नाही. २००६ मध्ये मायक्रोअ‍ॅरेवर (हजारो जनुकं किती चालू आहेत हे एकाच पट्टीवर मोजणारं तंत्र) ढीगभर जनुकं एकदम ताडून पाहिली, तेव्हा कॅल्मोड्युलिन (पेशीतल्या कॅल्शियमच्या संकेतांना प्रतिसाद देणारं प्रथिन) हाती लागलं. फक्त संशयितांच्याच मागे राहिलं असतं, तर ते निसटलं असतं.

मायक्रोअ‍ॅरेची जागा आता बल्क आरएनए-सीक्वेन्सिंगने, म्हणजे ऊतकाच्या तुकड्यातल्या सगळ्या पेशींचा आरएनए एकत्र वाचण्याने, घेतली आहे. संशयित नसेल तर हीच पद्धत घ्या. खर्च झेपतो, सगळी जनुकं एका झटक्यात मोजली जातात. खरी कसोटी गर्भाच्या अवस्था जुळवण्याची. ओपोसमचं (कांगारूसारख्या शिशुधान प्राण्याचं) पिल्लू इतकं अपक्व जन्मतं की त्याचा जन्मदिवस उंदराच्या जन्मदिवसासमोर ठेवून चालतच नाही. दुसरा धोका जास्त फसवा आहे: एका प्रजातीच्या ऊतकात कूर्चेच्या पेशीच जास्त असतील, तर कूर्चेची जनुकं ‘वाढलेली’ दिसतात, प्रत्यक्षात एकाही पेशीत काही बदललेलं नसतं.

हा गुंता सिंगल-सेल, म्हणजे एकेका पेशीतला आरएनए वेगळा वाचणं, सोडवतं. पण म्हणून लगेच थेट तिकडे उडी मारू नका. ते महाग आहे, आणि जिनोममध्ये कुठलं जनुक कुठे आहे हे नीट नोंदवलेलं नसेल तर दोन प्रजातींतली समजात (एकाच पूर्वज जनुकातून आलेली) जनुकं जुळवताना बराच डेटा गळतो. शिवाय जिवंत पेशी ताबडतोब सुट्या कराव्या लागतात. नमुने रानातून येणार असतील तर ते द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा आणि नंतर पेशींची नुसती केंद्रकं वेगळी करून त्यातला आरएनए वाचा. आणि यादी बल्कची असो वा सिंगल-सेलची, त्यातली दोन-तीन जनुकं इन सिटूने कापावर पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.