मिस्त्रींच्या नंबरवरून आलेलं चलान

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल आली आणि नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ (म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) दिसलं, तर ती उघडू नका. पाठवणारा रोज तुमच्यासोबत चहा पिणारा असला तरीही. माझ्या थोरल्या भावाचे १ लाख ८३ हजार रुपये अशाच फाइलपायी गेले, आणि ती आली होती आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींच्या नंबरवरून.

दादाची पिकअप आहे. कराडकडची भाजी भरून रात्रीतून पुण्याच्या मार्केट यार्डात उतरवायची, हा त्याचा धंदा. हायवेवर कॅमेरे आहेत, त्यामुळे चलान येणं त्याला नवं नाही. गाडीचं पासिंग मिस्त्रींनीच करून आणलं होतं. तेव्हा चलानही त्यांच्याकडे गेलं असेल आणि त्यांनी पुढं धाडलं असेल, असा त्याने सरळ हिशोब केला. फाइलवर पोलिसांसारखा शिक्का, खाली सरकारी थाटाचं वाक्य : ‘आपल्या वाहनाने नियमभंग केला आहे, पुरावा पाहण्यासाठी उघडा.’

दाबल्यावर फोनने आधी अडवलं. ही फाइल धोक्याची असू शकते, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप घ्यायचं का, असं विचारलं. पण माल भरायची गडबड, हमाल खोळंबलेले. त्याने परवानगी दिली. मग अ‍ॅपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. चलानाचा फोटो काही दिसला नाही. ‘वाहनमालकाच्या खात्रीसाठी १ रुपया भरा’ असं पान आलं आणि त्यात कार्डाचा नंबर, मुदत आणि एटीएमचा पिन विचारला. तो भरल्यावर ‘सर्व्हर बिझी’ आलं आणि अ‍ॅपचं चित्रच स्क्रीनवरून गेलं. दादाला वाटलं, अ‍ॅप आपोआप निघून गेलं. ते निघालं नव्हतं. पुढे सेटिंग्जमधल्या अ‍ॅपच्या यादीत सापडलं, कोऱ्या चित्राचं.

हे अ‍ॅप काय करतं ते आम्हाला सायबर पोलीस ठाण्यात कळलं. तुमच्या फोनवर येणारा प्रत्येक एसएमएस ते गुपचूप भामट्याकडे पाठवतं. कार्ड आणि पिन तुम्ही दिलेलाच असतो, ओटीपी त्याला बसल्या जागी मिळतो. तेवढ्यावर तो त्याच्या फोनवर तुमचं मोबाइल बँकिंग नव्याने चालू करतो. दादाच्या खात्यात जे होतं ते तर गेलंच, शिवाय ट्रॅक्टरसाठी ठेवलेली एफडीसुद्धा ऑनलाइन मोडून तिचे पैसे काढले. आम्हाला सगळ्यात जास्त धक्का त्याचाच बसला. एफडी मोडायची तर शाखेत जाऊन सही करावी लागते, असंच घरात सगळे धरून होते.

सगळं मध्यरात्रीनंतर झालं. फोन गाडीच्या डॅशबोर्डवर, दादा स्टिअरिंगवर. परतीला पंपावर डिझेल घेतलं आणि पेमेंट होईना, तेव्हा त्याने मेसेज उघडले. पैसे कापल्याचे एकाखाली एक.

त्याने मला उठवलं. मी म्हटलं, “आधी फोन एअरप्लेन मोडवर टाक. पंपावरच्या पोराचा फोन घे आणि सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लाव.” तो म्हणाला, “अरे, पण बँकेचा मेसेज याच फोनवर येणार ना?” तोच तर घोळ असतो. बिघडलेला फोन चालू असेल तोवर बँकेने पाठवलेला नवा ओटीपीही भामट्यालाच मिळतो. आम्ही सिम काढून वहिनींच्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये घातलं आणि मग खातं बंद करायला लावलं.

१९३० वर खाते क्रमांक, व्यवहाराचा नंबर आणि वेळ विचारतात. हे कागदावर लिहून घेतलेलं असेल तर बोलणं लवकर उरकतं. तक्रार क्रमांक मिळतो, त्यावर २४ तासांच्या आत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर सविस्तर तक्रार भरायची असते. फोन लगेच रीसेट करू नका. ती फाइल, चॅट, मेसेज यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढा, पोलीस तेच मागतात.

बँकेत उत्तर ठरलेलं : “पिन तुम्हीच दिलात.” रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेलं नुकसान ग्राहकाच्या अंगावर येतं, पण फक्त बँकेला कळवेपर्यंतचं. कळवल्यानंतर गेलेला पैसा बँकेचा. म्हणून किती वाजता कळवलं त्याची नोंद हातात ठेवा. काउंटरवरच्या साहेबांनी आमचा अर्ज नुसता ठेवून घेतला होता. मी पोचेवर शिक्का आणि वेळ मागितली तेव्हा त्यांचा आवाज जरा मऊ झाला.

आता मिस्त्रींबद्दल. दादा तावातावाने गॅरेजवर गेला, तर तिथे मिस्त्रीच डोक्याला हात लावून बसलेले. त्यांनीही तीच फाइल उघडली होती. त्यांच्या एसएमएसमधला कोड वापरून भामट्याने त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप आपल्या फोनवर उघडलं आणि त्यांच्या सगळ्या ओळखीच्यांना फाइल पाठवली. दादाच्या नंबरवरूनही तेच झालं. अडते, हमाल, शाळेतले मास्तर, आमच्या आत्या, सगळ्यांना चलान! आत्यांकडे तर सायकलही नाही, तरी त्यांनी फोन करून विचारलं, “दंड किती भरायचा रे?” हसावं की रडावं कळेना. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आधीच लावला असता, तर नुसत्या कोडवर ते उघडलं नसतं. आज घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर तो लावून टाका.

खरं चलान आहे की नाही हे बघायला कुठलंही अ‍ॅप कुणाकडून घ्यावं लागत नाही. महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करा, गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे घाला, जे असेल ते दिसतं. दादाने नंतर पाहिलं. त्याच्या गाडीवर एकही चलान बाकी नव्हतं.

१९३० ला लवकर कळवल्यामुळे ४१ हजार रुपये परराज्यातल्या एका खात्यात गोठवले गेले. बाकीचे तिथून पुढे निघून गेले होते. गोठवलेले पैसे परत मिळावेत म्हणून आम्ही न्यायालयात गेलो. वकिलांनी अर्ज टाकलाय, पुढची तारीख पडली आहे आणि गाडीचा हप्ता या महिन्यात मी भरलाय.